योनादाबाची शाळा

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय १३, वचने १ ते २२



पवित्र शास्त्रात काही अध्याय असे आहेत की ते उपासनेत मोठ्याने वाचले गेल्याचे फारसे कोणास आठवत नाही. दाविदाची कन्या तामार हिची हकीकत त्यांपैकी एक होय. परंतु ज्या आत्म्याने शास्त्र लिहवून घेतले त्याने हा अध्याय गाळला नाही. ही हकीकत परराष्ट्रीयांच्या घरची नव्हे. जो राजा देवाच्या मनासारखा होता असे शास्त्रच सांगते, त्याच्या घरची ती आहे. तेव्हा ती आपल्याचसाठी लिहिली आहे असे समजले पाहिजे.

आज हा अध्याय पुढे घेण्याचे कारण सांगतो. खेड्यांतील उपदेशकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. वयात येणाऱ्या मुलामुलींस शरीराविषयी आणि विवाहापूर्वी पाळावयाच्या संयमाविषयी मंडळीत शिकवावे किंवा नाही? शिकवावे तर कोणी, आणि किती उघड? शहाण्या लोकांत ह्याविषयी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, विवाहापर्यंत दूर राहा एवढेच सांगावे. अधिक ज्ञान दिले तर तेच पापाची वाट दाखवील. दुसरा म्हणतो, तरुण कोणाचे ऐकावयाचे नाहीत, म्हणून धोक्यापासून बचाव कसा करावा तेवढे शिकवून मोकळे व्हावे. आमच्या खेड्यांत मात्र तिसराच पक्ष बलिष्ठ आहे. तो काहीच शिकवीत नाही. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की तिचे लग्न लावून टाकतो, आणि मुलाविषयी तर त्यास काळजीच वाटत नाही.

ह्या तिन्ही पक्षांस आज अम्नोनाच्या घरात नेऊन उभे करू.

अम्नोन हा दाविदाचा वडील पुत्र. सावत्र बहीण तामार हिच्यावर त्याचे मन गेले, आणि त्या विकाराने तो दुखणेकऱ्यासारखा सुकू लागला. राजवाड्यात माणसांची वाण नव्हती. बाप राजा होता, स्तोत्रे रचणारा होता. याजक होते. नाथान संदेष्टा होता. त्याने तर खुद्द राजाचे पाप त्याच्या तोंडावर दाखविले होते. तथापि मुलाचा चेहरा उतरला आहे हे एकाच्याच ध्यानात आले, आणि त्या एकानेच जवळ बसून विचारपूस केली. तो योनादाब, राजाचा पुतण्या, अम्नोनाचा सोबती, आणि शास्त्राच्या सांगण्याप्रमाणे मोठा धूर्त मनुष्य. पुढे दावीदही मुलास पाहावयास आला. खाटेशी आला, मुलाने मागितले ते देण्याचा हुकूम करून गेला; परंतु बाळा, तुला काय होते आहे, असे त्याने विचारल्याचे त्या अध्यायात कोठेही लिहिलेले नाही.

बापांनो, योनादाब दुष्ट होता हे खरे. पण त्याने विचारले आणि बापाने विचारले नाही, हेही तितकेच खरे. मुलास शिकविणारा कोणी नव्हता असे नाही. बापाने शाळा घातली नाही म्हणून योनादाबाने घातली, इतकेच.

त्या शाळेत एकच धडा होता : हवे ते हाती कसे आणावे. हाती आल्यावर काय होते हा धडा योनादाबाने शिकविला नाही. तो शास्त्राने लिहून ठेवला आहे. ज्या प्रीतीने अम्नोन मरणास टेकला होता, तिच्याहून मोठा द्वेष त्याच्या मनात त्याच घटकेस उत्पन्न झाला, आणि त्याने चाकराकडून तामारेस बाहेर काढून दार लावून घेतले. जीस तो प्रीती म्हणत होता ती प्रीती नव्हतीच. ती नुसती भूक होती. प्रीती आणि भूक ह्यांतील अंतर सतरा-अठरा वर्षांच्या मुलास आपोआप कळत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते.

आता तामारेकडे पाहा. आमच्या लोकांची समजूत अशी की मुलीस मर्यादा शिकविली म्हणजे काम झाले. तामारेस मर्यादा शिकविली नव्हती असे कोण म्हणेल? त्या भयंकर घटकेत ती एकटी असता तिने किती शुद्ध बुद्धीने भाषण केले ते वाचा. इस्राएलात अशी गोष्ट होत नसते हे तिने त्यास सांगितले. माझी अप्रतिष्ठा मी कोठे नेऊ, आणि तुझीही गणना मूर्खांत होईल, हेही सांगितले. देवाचा नियम तिला ठाऊक होता आणि तो बोलून दाखविण्याचे धैर्य तिच्यापाशी होते. त्याने ती वाचली नाही. कारण जो धडा तिला पाठ होता तो ज्याने शिकावयास हवा होता तो अम्नोन होता. संयमाचे शिक्षण मुलींस देऊन मुलग्यांस मोकळे सोडणे म्हणजे मेंढरांस कोंडवाड्याचे नियम शिकवून लांडग्यास रानात सोडणे होय. प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ह्या विषयावर जो उपदेश केला आहे, त्याचा रोख मुख्यत्वे पुरुषांकडेच आहे. आपल्या देहावर पवित्रतेने सत्ता चालवावी आणि ह्या बाबतीत दुसऱ्याचा अन्याय करू नये, असे तो शिकवितो. संयमाचा संबंध केवळ आपल्या शुद्धतेशी नाही. दुसऱ्याच्या न्यायाशी आहे. आमच्या उपदेशांत ही बाजू क्वचितच येते.

तामार डोक्यावर राख घालून, आपला पायघोळ झगा फाडून, रडत निघाली. भाऊ अबशालोम ह्याने तिला काय सांगितले? उगी राहा, तो तुझा भाऊ आहे, ही गोष्ट मनास लावून घेऊ नको. राजाने ऐकले तेव्हा त्यास फार संताप आला. पुढचे वचन वाचावयास जावे तर राजाने काही केल्याचा उल्लेखच नाही. का नाही? अकरावा अध्याय ज्यांनी वाचला आहे त्यांस कारण सांगावे लागत नाही. उरीयाच्या बायकोची गोष्ट अजून ताजी होती. ज्या बापाचे तोंड अशा रीतीने बांधले गेले आहे तो मुलास काय बोलणार? पूर्ण दोन वर्षे त्या घरात कोणी शब्द काढला नाही. नंतर मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत अबशालोमाने अम्नोनास मारविले. आणि राजास धीर देऊन झाले ते समजावून सांगण्यास पुढे कोण आला? तोच योनादाब. बत्तिसावे वचन पाहा. त्याच्या केसासही धक्का लागला नव्हता.

त्या योनादाबास हल्ली राजवाड्यात यावे लागत नाही. ज्या वाडीस एस. टी. दिवसातून एकदा येते तेथेही तो मुलाच्या खिशात बसलेला असतो. बांधावर गुरे राखणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मोबाइलच्या पडद्यावर जे पाहतो त्यात स्त्री ही बहीण नाही, कन्या नाही, देवाची प्रतिमाही नाही. तेथे ती केवळ वापरावयाची वस्तू आहे. हा मास्तर कधी सुट्टी घेत नाही, फी फारशी घेत नाही, आणि मुलगा लाजला तर त्यास हसतही नाही. अशा स्थितीत, आम्ही बोललो तर मुले बिघडतील, ह्या भीतीस काय अर्थ राहिला?

आपल्या राज्यात हा प्रश्न एकदा मोठ्या जोराने उठला होता. २००७ साली सरकारी शाळांतून द्यावयाच्या किशोरवयीन शिक्षणाच्या पुस्तकांवर गहजब होऊन महाराष्ट्राने तो कार्यक्रम थांबविला. कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात ह्यांनीही तसेच केले. त्या पुस्तकांची वकिली आम्ही करीत नाही. लहान मुलांपुढे काय ठेवावे ह्याविषयी आईबापांनी जागरूक असणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. पण त्याच २००७ सालाची दुसरी गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची चौकशी करून एक अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्या १३ राज्यांत होता. शेकडा ५३ मुलांनी आपणांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, आणि अत्याचार करणाऱ्यांत ओळखीचे व विश्वासातले पुष्कळ होते. म्हणजे तामारेच्याच घराची गोष्ट. इकडे पुस्तके बंद झाली त्याच वर्षी तिकडे मुलांनी असे तोंड उघडले.

पुढे २००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीने, श्री. व्यंकय्या नायडू अध्यक्ष असता, शाळांतून लैंगिक शिक्षण देऊ नये, मात्र विवाहापूर्वी संबंध ठेवणे अनीतीचे व अपायकारक आहे हे मुलांस सांगावे, अशी शिफारस केली. विवाहापर्यंत थांबावे हा उपदेश आम्हांस पूर्ण मान्य आहे. तो शास्त्राचाच आहे. प्रश्न एवढाच की, कशापासून थांबावे, कसे थांबावे आणि कशासाठी थांबावे, हे न सांगता नुसते थांब म्हटल्याने मूल थांबते काय?

ज्या देशातून पुष्कळ मिशनरी सुवार्ता घेऊन आमच्या प्रांतात आले त्या अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांनी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. त्यांचा अनुभव आम्ही फुकट घेऊ शकतो. १९९३ साली तेथील सदर्न बाप्टिस्ट मंडळ्यांनी तरुणांकडून विवाहापर्यंत शुद्ध राहण्याची लेखी प्रतिज्ञा घेण्याची चळवळ आरंभिली. दुसऱ्या वर्षी वॉशिंग्टन शहरातील मैदानावर अशी दोन लाखांहून अधिक प्रतिज्ञापत्रे रोवून दाखविण्यात आली. १९९६ च्या कायद्याने त्यांच्या सरकारने केवळ संयम शिकविणाऱ्या वर्गांसाठी वर्षास ५ कोटी डॉलर देऊ केले. हेतू चांगला होता आणि कामकरी प्रामाणिक होते. फळ काय आले? सरकारनेच करविलेल्या तपासाचा निकाल २००७ साली आला. अशा चार ठिकाणच्या वर्गांतील आणि वर्गाबाहेरील मिळून दोन हजारांवर मुलांस कित्येक वर्षांनी विचारले, तेव्हा दोघांच्या वर्तनात फरक आढळला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, प्रतिज्ञा घेतल्यास पाच वर्षे लोटल्यावर शंभरांतील ८२ जणांनी, आम्ही अशी प्रतिज्ञा घेतलीच नव्हती, असे सांगितले! पेत्रालाही आपले वचन कोंबडा आरवण्यापुरतेच टिकविता आले होते; मग पोरांस काय बोल लावावा?

तथापि निकालाची एकच बाजू सांगून आम्ही कोणास फसवू इच्छीत नाही. संयम शिकविणे व्यर्थ आहे असे ह्यावरून ठरत नाही. फिलाडेल्फिया शहरातील गरीब वस्तीत बारा वर्षांच्या आसपासच्या कृष्णवर्णीय मुलांसाठी एक वर्ग चालविण्यात आला, त्याचा निकाल २०१० साली छापला गेला. तेथेही थांबा हेच शिकविले. पण मुलांस लहान गटांत बसवून, त्यांस बोलू देऊन, रोगांविषयी खरे ते सांगून, नाही म्हणण्याचा सराव करून घेऊन, कोणास न लाजविता, कोणत्याही गोष्टीविषयी खोटी भीती न घालता शिकविले. दोन वर्षांनी पाहता त्या वर्गातील सुमारे एक तृतीयांश मुलांनी संबंध ठेवला होता. ज्यांस तो वर्ग मिळाला नव्हता त्यांतील जवळजवळ निम्म्यांनी ठेवला होता. तेथील शिकवण विवाहापर्यंत थांबा अशी नव्हती, अंगी परिपक्वता येईपर्यंत थांबा अशी होती. शास्त्र ह्याच्या पुढे जाते, आणि मंडळीनेही पुढे गेले पाहिजे. पण शिकविण्याची रीत त्यांच्यापासून घेण्यास काय हरकत आहे? फरक विषयात नव्हता, रीतीत होता.

आणि वाईट रीतीचे फळ किती कडू असते हे एका मुलीने जगापुढे सांगितले आहे. एलिझाबेथ स्मार्ट ही १४ वर्षांची मुलगी २००२ साली अमेरिकेच्या युटा प्रांतातून, रात्री आपल्या घरातून पळविली गेली आणि नऊ महिने एका नराधमाच्या कैदेत राहिली. सुटका झाल्यावर मोठेपणी, २०१३ साली, तिने एका सभेत सांगितले की लहानपणी तिच्या एका शिक्षिकेने संयमाचा धडा देताना, जी मुलगी शील गमावते ती चघळलेल्या च्युइंगमसारखी, असा दृष्टान्त दिला होता. कैदेत तोच दृष्टान्त तिच्या मनात आला. चघळून टाकलेले कोण उचलील? मग पळून जाऊन तरी काय करावयाचे? बंधुजनहो, त्या शिक्षिकेने वाईट हेतूने तो दृष्टान्त दिला नव्हता. तो देताना तिच्यापुढे पापी मुलगी होती. पापाची शिकार झालेली मुलगी तिच्या मनातही आली नव्हती.

आमचे दृष्टान्त काही कमी नाहीत. काचेचे भांडे; नासलेले दूध; आणि काटा पानावर पडो की पान काट्यावर, फाटते ते पान. ही म्हण आम्ही ख्रिस्ती व्यासपीठांवरूनही ऐकली आहे. पान फाटते हे खरे. पण काट्याला कोणी का विचारीत नाही? आणि ख्रिस्ताच्या मंडळीत फाटलेल्या पानास उकिरड्यावर टाकतात असे कोठे लिहिले आहे? करिंथ येथील मंडळीस पौल काय म्हणतो ते पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पाहा. ज्या दुराचारांची तो यादी देतो, तसे तुमच्यापैकी कित्येक होते, असे तो मंडळीच्या सभासदांसच सांगतो, आणि मग धुतले गेल्याची गोष्ट बोलतो. त्यानंतरच शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची शिकवण येते. शुद्धता हे देवाच्या घरचे दान आहे. ते बालपणी एकदा मिळून एकदाच फुटणारे भांडे नव्हे.

आमच्याच भूमीत ह्याचे मोठे उदाहरण झाले. पंडिता रमाबाईंनी केडगावास मुक्तिसदन वसविले, त्यात ज्यांस जग पतित म्हणून लाथाडीत होते अशा स्त्रियांसाठी वेगळे घर काढले, आणि त्यास कृपासदन हे नाव दिले. लज्जासदन किंवा प्रायश्चित्तसदन असे नाव त्या बाईस सुचले नाही.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळतो. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळ त्याच पक्षाचे आहेत. बीड, अहिल्यानगर इकडील जी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस कारखान्यांकडे जातात त्यांची अडचण आम्ही जाणतो. नवरा-बायकोच्या जोडीस एक कोयता मानतात, उचल त्या जोडीवर मिळते, आणि वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या स्वाधीन करावी हा प्रश्न आईचे काळीज पोखरतो. म्हणून लग्न. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. हे सर्व मोहापासून रक्षण म्हणून केले जाते. पण रक्षण कोणाचे झाले? ज्या मुलाने लग्नापूर्वी आपल्या वासनेस लगाम घालावयास शिकले नाही तो मांडवातून निघताना ते शिकून निघत नाही. मंगळसूत्र बांधल्याने पंधरा वर्षांच्या देहाचे वय वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली असा निर्णय दिला की, अठरा वर्षांखालील पत्नीशी केलेला संबंध हाही बलात्कारच होय. अठराच्या आतल्या मुलीचे किंवा एकविसाच्या आतल्या मुलाचे लग्न लावणाऱ्या पाळकासही २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावचा दाखला आहे, जन्मतारीख आईस आठवत नाही, वर्‍हाड आले आहे, असल्या सबबींपुढे पाळकाने वाकू नये. लग्न लावणे म्हणजे शिकविण्याचे टाळणे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

मग काय करावे? उपदेशक बंधूंनो, प्रथम भाषेची भीती सोडा. आमच्या मराठीत असल्या विषयास सभ्य शब्द नाहीत, ही सबब खरी नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून ह्याच विषयावर शुद्ध मराठीत लिहिले. त्यांस धर्म मान्य नव्हता आणि त्यांची पुष्कळ मते आम्हांस पटण्यासारखी नाहीत. मुंबईतील मिशनच्या कॉलेजातील अध्यापकाची जागाही त्यांस सोडावी लागली. पण भाषा गलिच्छ न होता बोलता येते हे त्यांनी दाखवून दिले, त्याचा लाभ आम्ही का घेऊ नये? मासिक पाळी, गर्भाशय, वीर्य, गर्भधारणा हे शब्द दवाखान्यातील परिचारिका जशा सहज उच्चारते तसे उच्चारा. आवाज खाली नेऊ नका आणि हसूही नका.

मुलींस बायबलबाईंनी अथवा पाळकीणबाईंनी शिकवावे. आरंभ पाळीपासून करावा, आणि पाळी हा विटाळ नव्हे हे स्पष्ट सांगावे. बारा वर्षे रक्तस्राव असलेल्या स्त्रीने प्रभूच्या वस्त्रास स्पर्श केला तेव्हा त्याने तिला दूर लोटले नाही, मुली अशी हाक मारली. ही गोष्ट ज्या मुलीने ऐकली आहे ती पुढचे सारे विश्वासाने ऐकते. मुलग्यांस पुरुषांनीच शिकवावे, आणि शक्य तेथे बापास वर्गात बसवावे. त्यांस योसेफाची गोष्ट सांगा. विकला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. घर नाही, बाप नाही, पाहणारे कोणी नाही. पोटीफराच्या बायकोपासून तो पळाला तेव्हा त्याच्या मनात पकडले जाण्याचे भय नव्हते. धन्याने ठेवलेला विश्वास आणि देव, ह्या दोहोंचाच विचार त्याने केला. तो वाद घालीत उभा राहिला नाही, वस्त्र टाकून पळाला, हेही मुलांस सांगण्यासारखे आहे. मोहाच्या जागी उभे राहून पराक्रम दाखवावा असे शास्त्र कोठेही सांगत नाही. नंतर मुलांच्या मनातील प्रश्न विचारू द्या. उत्तर ठाऊक नसेल तर गावच्या आशाताईस किंवा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस विचारून पुढच्या आठवड्यात सांगावे.

आणखी एक गोष्ट कठीण आहे, परंतु बोलणे भाग आहे. वर्ग सुरू झाला की कधीतरी एखादे मूल मागे रेंगाळेल आणि आपल्या घरातील अम्नोनाचे नाव सांगेल. तो चुलता असेल, मास्तर असेल, मंडळीचा वडील असेल. पाळकही असू शकेल. त्या वेळी अबशालोमासारखे, उगी राहा, मंडळीची अब्रू जाईल, असे म्हणू नका. वडिलांची पंचायत बसवून, शपथा घालून, माफीनाम्यावर प्रकरण मिटवू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांस न कळविणे हाच अपराध आहे. १०९८ ह्या क्रमांकावर मुलाने स्वतः किंवा दुसऱ्या कोणी फोन केला तरी मदत मिळते. हा क्रमांक मंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

आणि मुलगी गरोदर राहिली तर? आम्ही पाहतो की कित्येक मंडळ्यांत मुलीचे नाव प्रभुभोजनाच्या यादीतून तत्काळ निघते, आणि मुलाचे नाव काढण्याची सूचनाही येत नाही. कारण मुलाचा बाप पहिल्या रांगेत बसतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीस प्रभूपुढे ओढून आणले तेव्हाही पुरुष बरोबर आणला नव्हता. प्रभू खाली वाकून जमिनीवर लिहू लागला. काय लिहीत होता ते शास्त्र सांगत नाही, पण धोंडे कोणाच्या हातांत राहिले नाहीत. शिस्त नसावी असे आम्ही म्हणत नाही. ती दोघांस सारखी असावी, आणि तिचा शेवट मेजाशी परत बोलावण्यात व्हावा. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तर शिस्तीच्या आधी कायदा आणि तिचे आरोग्य पाहावे लागते.

तामारेची हकीकत वाचून अनेकांस वाटते की पुढे तिचे नावही शास्त्रातून पुसले गेले. तसे नाही. तेराव्या अध्यायात ती आपल्या भावाच्या घरी उदास होऊन राहिली एवढे लिहून तिला सोडले आहे खरे. पण चौदाव्या अध्यायाचे सत्ताविसावे वचन काढा. अबशालोमास एक कन्या झाली, तिचे नाव त्याने तामार ठेवले. तिच्या रूपाचीही तेथे वाखाणणी केली आहे. अबशालोमाच्या हातून पुढे जे घडले ते वाईट घडले, आणि बहिणीला त्याने उगी राहावयास सांगितले होते हेही आम्ही पाहिले. परंतु त्या नावाची लाज धरून ते टाकून द्यावे असे त्यास वाटले नाही. त्याने ते नाव आपल्या मांडीवरच्या मुलीस दिले आणि घरात रोज हाकेत ठेवले.

ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक मंडळीत हे वर्ग निदान चार वेळा व्हावेत अशी आमची सूचना आहे. जी मुले आईबापांबरोबर कारखान्यावर जातात त्यांस फडावर हा विषय सांगणारा दुसरा कोणी भेटत नाही. मुकादम भेटतो, आणि मोबाइल भेटतो. मुलांचा व मुलींचा वर्ग वेगळा असावा, संध्याकाळी उजेड असता असावा, दार उघडे असावे, आणि शिकविणारा कधीही एकटा नसावा. पहिला वर्ग मुलग्यांचा घ्यावा. त्यात हा अध्याय बाविसाव्या वचनापर्यंत सावकाश वाचावा, आणि मग मुलांस बोलू द्यावे.